भाड्याचं घर, पांढरं मार्बल आणि पोरीचा वरणभात

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत विश्रामबागला भाड्याचा फ्लॅट, तळमजला, हॉलला पांढरं मार्बल, किचनला कोटा, पोरगी सव्वा वर्षाची आणि आता स्वतःच्या हातानं खायचं म्हणून हट्ट, म्हणजे अर्धं तोंडात, अर्धं फरशीवर. वरणाचा पिवळा डाग पडला, तो तुम्ही सोड्याच्या पाण्यानं पुसला तर लाल झाला, मग घाबरून त्याच्या शेजारी लिंबूही चोळलं आणि शेवटी बाथरूमचं लिक्विड टाकलं, तर आता तिथं हाताच्या पंजाएवढा पांढुरका, निस्तेज पट्टा पडलाय. मालक वरच्या मजल्यावर राहतात, डिपॉझिट चाळीस हजार, आणि तुम्ही विचारताय की खाली अंथरायचं काय.

मी मिरजेचा, फरशी बसवायचं आणि पॉलिशचं काम सव्वीस वर्षं करतोय, सांगली-मिरज-कुपवाड आणि मध्येमध्ये तासगाव. अंथरायचं काय ते सांगतोच, पण आधी एक ऐका, कारण ते कळलं नाही तर कितीबी भारी चटई आणली तरी उपयोग नाही. पोरांच्या खाण्यानं फरशी कायमची गेलीय अशी घरं मी बोटावर मोजण्याइतकी बघितली. खाण्यानंतर आईबापानं, कामवाल्या मावशीनं, नाहीतर आलेल्या पाहुण्यानं जे काय ओतलं आणि घासलं त्यानं गेलेल्या फरश्या मात्र मोजता येणार नाहीत एवढ्या. तुमच्याकडंसुद्धा वरणाचा डाग निघणारा आहे. लिंबाचा आणि लिक्विडचा निघणार नाही, कारण तो डागच नाही.

कसं ते बघा. मार्बल, कोटा, शहाबादी, काळा कडप्पा, हे सगळे दिसायला वेगळे पण आतून एकाच घरातले, चुनखडीचे. चुन्याच्या दगडाला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, टोमॅटो, आमसूल, ताक, दही, द्राक्षाचा रस, डाळिंब, व्हिनेगर, ह्यातलं काहीबी पडलं की दगडाचा वरचा थर किंचित खाल्ला जातोय, पॉलिश उडतंय आणि तिथं पाण्याचा वाळलेला थेंब असावा तसा मळकट पांढरा ठसा दिसतोय. तुम्ही पुसताय, पुसताय, जात नाही. जाणार कसा, वर काही चिकटलेलंच नाही, उलट तिथलं थोडं गेलंय. बोट फिरवून बघा, किंचित खरखरीत लागेल. आणि बाथरूमची जी लिक्विडं असतात त्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतंय, ते संडासाच्या भांड्याला ठीक आहे कारण ते भांडं चिनीमातीचं, ग्लेझ केलेलं. मार्बलवर ते टाकणं म्हणजे दगड विरघळवणं. फेस आला असेल ना? तो मळ निघाल्याचा फेस नव्हता, दगड निघाल्याचा होता.

आता लाल डागाचं. ह्यात घाबरायचं काहीच नाही, उलट सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहून हळद लाल झाली म्हणून घाबरायचं म्हणजे कमाल आहे. हळदीला चुना लावला की लाल होतंय, जुन्या काळी कुंकू त्यातनंच करायचे, आरतीच्या ताटात औक्षणाचं लाल पाणी करतो तेही हळद आणि चुन्याचंच. सोडा, साबण, चुना, सगळ्यांची जात एकच, खारी, म्हणजे आंबटाच्या उलटी, त्यामुळं हळदीतला रंग लाल होतोय. साध्या पाण्यानं दोन-तीनदा पुसून काढलं की परत पिवळ्यावर येतोय. म्हणजे तुमचा सोडा चुकला नव्हता, तो लाल बघून तुम्ही पुढं जे केलं ते चुकलं.

वरणातली हळद पाण्यात विरघळत नाही, तुपात-तेलात विरघळती. म्हणून नुसत्या ओल्या फडक्यानं ती जात नाही आणि फोडणीच्या तेलाबरोबर दगडाच्या बारीक छिद्रात उतरती. भांड्याचं लिक्विड दोन थेंब कोमट पाण्यात, त्यानं आधी तेल उचला, लाल झालं तर होऊ दे, मग स्वच्छ पाणी. राहिलेला फिका पिवळा डाग उन्हाला द्या. तुमच्या आईला विचारा, साडीवर हळद सांडली की धुवून उन्हात टाकतात आणि दोन दिवसात जाती, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. फरशी काय उचलून गच्चीवर नेता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय की डाग बाल्कनीच्या दाराजवळ आहे, तर सकाळचं ऊन तिथं येत असेल तर पडदा बाजूला करून आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. फुकटातलं काम आहे आणि नव्या डागाला बऱ्याचदा एवढ्यावर भागतंय.

नाहीच गेला तर लेप लावायचा. रंगाच्या दुकानात व्हाइटिंग पावडर मिळती, खडूची पांढरी पावडर, ती घ्या. मेडिकलमध्ये जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतंय, सहा टक्क्यांचं. दोन्ही कालवून श्रीखंडासारखं घट्ट करा, डागाच्या बाहेर बोटभर जाईल असं पाव इंच जाड लावा, वर प्लास्टिकचा कागद टाकून कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा पण लेप लगेच खरवडू नका, वाळू द्या पूर्ण, कारण वाळतानाच तो आतला रंग वर ओढून घेतोय, लोक इथंच घाई करतात. मग प्लास्टिकच्या पट्टीनं उचला, ओल्या फडक्यानं पुसा. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागंल. आधी कपाटाखाली कुठंतरी रुपयाएवढ्या जागेवर करून बघा, हातात मोजे घाला, आणि हे सगळं पोरगी त्या खोलीत येणार नसंल तेव्हा, नाहीतर ती श्रीखंड समजून बोट घालंल. पांढऱ्या मार्बलला हे चालतंय. काळ्या कडप्प्याला करू नका, पेरॉक्साइडनं काळा दगड फिका पडू शकतोय.

आणि महत्त्वाचं, ज्या जागी बाथरूमचं लिक्विड टाकलं होतं ती जागा आधी भरपूर पाण्यानं धुऊन घ्या, आणि काहीबी झालं तरी त्याच्यावर कपड्याचं ब्लीच ओतू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतोय, बंद खोलीत, खाली रांगणारं पोर, नको ते. कुठल्याच दोन बाटल्या एकमेकीत मिसळायच्या नाहीत एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मावशींना पण.

तो निस्तेज पट्टा मात्र घरच्या घरी जाणार नाही. त्याला पॉलिशच. मशीन पूर्ण हॉलला लावायची गरज नाही, एवढ्या जागेला हातमशीननं बारीक पॅड फिरवून, पावडर मारून तासा-दोन तासात होतंय. कोणी म्हणेल पूर्ण हॉल करावा लागंल नाहीतर फरक दिसतोय, तर दिसतोय थोडा, खोटं नाही, पण कोपऱ्यातल्या जागेसाठी सगळा हॉल घासायला लावू नका. एक सांगतो, आता करू नका. पोरगी अजून दोन वर्षं सांडणार आहे. घर सोडायच्या महिन्यात करा.

बरं, आता अंथरायचं.

पहिलं म्हणजे सगळं घर झाकायच्या मागं लागू नका. बरेच लोक हॉलभर ते रंगीत फोमचे जोडायचे तुकडे टाकतात. खेळायला चांगले, पडलं तर डोकं वाचतंय, पण जेवायला अत्यंत वाईट. त्या दातऱ्या-दातऱ्यांच्या जोडात भाताचं शीत, दूध, नाचणीचं सत्त्व जाऊन बसतंय, वरून पुसलं तर दिसत नाही, चार दिवसांनी वास आणि मुंग्या. मी एका घरात पॉलिशला गेलो होतो तर ते फोम उचलले, खाली फरशीवर चौकोनाचौकोनाची नक्षी उमटलेली, आंबलेल्या दुधाची. त्या ताईंना माहीतच नव्हतं, बिचाऱ्या रोज वरून डेटॉल मारत होत्या.

जेवायची जागा एकच ठरवा. पाच फूट बाय पाच फूट पुरती, पोरगी खाली बसून खात असेल तर. जागा कुठली? तुमच्याकडं किचनचा कोटा आहे, मी तर म्हणतो तिथंच. कोटासुद्धा चुन्याचाच दगड, आंबट त्यालाही लागतंय, पण रंग हिरवट-करडा असल्यामुळं हळद-तेल मार्बलइतकं डोळ्यात येत नाही आणि सांडलं तर मोरी जवळ. किचनमध्ये जागा नसेल, गॅसजवळ पोर नको वाटत असेल, ते बरोबरच आहे, तर मग हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी, जिथं ऊन येतंय. उन्हाचं कारण वर सांगितलंच.

दुसरं, उंची. हे फारसं कोणी सांगत नाही. तुम्ही ती उंच खुर्ची घ्यायचा विचार करताय असं लिहिलंय. घ्या, पाठीला चांगली, बांधून बसवता येतंय. पण फरशीच्या बाजूनं विचाराल तर अडीच फुटावरनं वाटी पडणं आणि पाटावरनं अर्ध्या फुटावरनं पडणं ह्यात मोठा फरक आहे. वरनं पडलेलं वरण चारी बाजूला उडतंय, भिंतीला, पडद्याला, सोफ्याच्या पायाला, आणि स्टीलची वाटी कडेवर पडली की टाइलचा टवका उडतोय तो वेगळाच. आपले म्हातारे पोराला पाटावर बसवून समोर परात ठेवायचे आणि परातीत ताटली. सांडलेलं परातीत. माझ्या नातवाला आमच्या घरात असंच भरवतात, आणि जे खाली पडतंय ते एका हाताच्या परिघात पडतंय. खुर्ची घेतलीच तर अंथरूण सहा बाय सहाचं करा आणि तिच्या पायाला खाली बुच आहेत का बघा. काळ्या रबराचे बुच असतील तर ते मार्बलवर काळा ठसा सोडतात, त्यावर जुने सुती मोजे नाहीतर जाड कापड बांधा. बिनबुचाचा पाय त्याहून वाईट, त्याच्याखाली रेतीचा एक कण आला की झालं. मार्बलचा कडकपणा मोजपट्टीवर तीनच्या आसपास, रेतीचा सात. पोरगी खुर्ची मागंपुढं हलवती तेव्हा खाली सँडपेपर चालू असतोय असं समजा. म्हणून खुर्ची ठेवायच्या आधी एकदा झाडून घ्यायचं, नंतर झाडतात सगळेच.

तिसरं, अंथरूण दोन थरांचं. खाली पाणी न झिरपणारं, वर सुती. खालच्यासाठी गणपती पेठेत ताडपत्री-रेक्झिनवाल्यांकडं मीटरवर जे मिळतंय त्यातलं पातळ रेक्झिन किंवा लहान पोरांच्या खाली घालतात ते मेणकापड. जाड ताडपत्री नको, तिला घड्या पडतात, पोरगी अडखळती. वर जुनी बेडशीट, जुनं धोतर, आजीची वाकळ असंल तर वाकळ. नुसतं प्लास्टिक टाकलं तर काय होतंय, पातळ पदार्थ त्याच्यावरनं वाहत कडेनं फरशीवरच येतोय आणि ओल्या प्लास्टिकवर पोरं सटकन घसरतात. नुसतं कापड टाकलं तर वरण खाली पाझरतंय आणि तुम्हाला कळत नाही. दोन थर टाकले की कापड पातळ ते पिऊन घेतंय, शितं जागेवर थांबतात, जेवण झालं की कापडाची चार टोकं धरून उचलायचं, बाहेर झटकायचं, चिमण्या-साळुंक्या खाऊन जातात. अशा तीन-चार चादरी ठेवा, रोज एक धुवायला.

पेपर अंथरू नका. ओला झाला की शाई मार्बलला लागती, आणि ओला पेपर चिकटून वाळला तर काढताना नाकी नऊ.

आणि हे नीट वाचा, तुम्ही तळमजल्यावर आहात म्हणून सांगतोय. प्लास्टिक जेवण झालं की उचलायचं. रोज. काही लोक ती जाड पारदर्शक शीट आणतात आणि कायमची पसरून ठेवतात, वर्षभर, की बाबा फरशी सेफ आहे. आपल्याकडची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी, आणि कृष्णेचं पाणी २००५ ला, २०१९ ला आणि परत २०२१ ला ज्या भागात येऊन गेलं तिथल्या तळमजल्यांना तर ओल आहेच. ती ओल फरशीतनं सारखी वर येत असती आणि हवेत उडून जात असती, कळतही नाही. वर प्लास्टिक घातलं की ती अडकती. मग फरशी काळपट पडती, सांध्यातनं पांढरा लोणा फुलतोय, आणि मार्बल असंल तर पिवळं पडतंय, ते आतनं, त्याला पॉलिशनंही फार फरक पडत नाही. २०१९ च्या पुरानंतर मी ज्या घरात कामं केली त्यातल्या एका घरी नव्या फरशीवर लगेच शीट टाकलेली, पाच-सहा महिन्यांत उचलली तर शीटच्या मापाचा गडद आयत उमटलेला. मालक म्हणाले भाडेकरूनं घाण केली, भाडेकरू म्हणाला मी तर जपलं. दोघंही खरंच बोलत होते.

रबराच्या पाठीच्या मॅटचंही असंच. बेडरूमला विनाइल शीटचं फ्लोरिंग असेल तर त्याच्यावर रबरी मॅट अजिबात नको, रबरातनं जे उतरतंय त्यानं विनाइल पिवळं पडतंय आणि तो डाग कशानंही जात नाही.

पुसायचं कसं. पडलं की लगेच कोरड्या कापडानं टिपून घ्या, पुसू नका, टिपा. पुसलं की पाच इंचाचा डाग पंधरा इंचाचा होतोय. आंबट पडलं असेल तर मात्र उठा, घास हातात असला तरी उठा, ताक-टोमॅटो-द्राक्षाला मार्बलवर पाच मिनिटंसुद्धा देऊ नका. बाकी गोष्टींना एवढी घाई नाही. नाचणीचं सत्त्व, मऊ भात वाळून खळीसारखं घट्ट बसतंय, ते सुरीनं किंवा तारेच्या घासणीनं काढू नका, ओलं फडकं त्याच्यावर दहा मिनिटं टाकून ठेवा, फुगतंय, मग जुन्या एटीएम कार्डानं अलगद सरकवा. दूध सांडलं तर गार पाण्यानं, गरम पाणी टाकलं की दूध शिजल्यासारखं होऊन चिकटतंय. तूप-तेल पडलं तर वर लगेच पीठ नाहीतर टाल्कम पावडर भुरभुरा, अर्धा तास पिऊ दे, मग झाडा. ती हिरवी खरखरीत घासणी मार्बलवर फिरवायची नाही, चकचकीत टाइलवर पण नाही, आणि तारेच्या घासणीचे बारीक तुकडे सांध्यात अडकून गंजतात, मग पोरीच्या नावावर गंजाचे डाग.

रोजचं पुसायला अर्ध्या बादलीत भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, नंतर एकदा साधं पाणी, बास. मोबाईलवर ते लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून पुसायचे व्हिडिओ येतात, फेस भारी येतोय, बघायला बरं वाटतंय. सोडा आणि लिंबू एकमेकाला मारून टाकतात, उरलेलं लिंबू दगड खातंय. मुंग्यांचा खडू पण सांगून ठेवतो, जेवायच्या जागेभोवती रेघ मारतात काही जण. ते विष आहे आणि पोरगी तिथलंच उचलून खाणार आहे. मुंग्या जेवणामुळं येतात, सांधे साफ ठेवले की बंद होतात. सांध्याला जुना टूथब्रश आणि खायच्या सोड्याची पातळ पेस्ट आठवड्यातनं एकदा.

माझी बायको म्हणाली हेही लिहा: पोरीचं वरण हळद घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढा, वर साजूक तूप, मीठ. आणि एकावेळी ताटलीत दोनच घास द्या, संपले की अजून दोन. ताटली भरलेली असली की पोरं ती पालथी करून बघतातच, आणि पोट भरलं की फेकायला लागतात, फेकायला लागली की रागवायचं नाही, ताटली उचलायची. तासगावची द्राक्षं आता सुरू होतील तेव्हा उभी चिरून द्या, अख्खी नको, फरशीसाठी नाही, घशात अडकतात म्हणून.

सीलर लावावा का, असं शेवटी विचारलंय. दगडाच्या छिद्रात मुरणारा सीलर मिळतोय, आणि तेल-हळद आत जायला तो चांगला अडवतोय. पाण्याचा थेंब टाकून बघा, पाच-दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला तर दगड पितोय, सीलरचा उपयोग होईल. थेंब तसाच राहिला तर गरज नाही. पण सीलरनं आंबटाचा ठसा थांबत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. आणि भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय लावू नका, वस्तू त्यांची आहे. अर्धा खर्च त्यांनी द्यावा असं म्हणून बघा, बरेच जण तयार होतात कारण तो सीलर तुमच्या नंतरही काही वर्षं राहतोय. आधीच ओल असलेल्या तळमजल्याला लावायच्या आधी मात्र कुणीतरी जाणकार माणूस येऊन बघू दे.

ज्यांच्याकडं विट्रिफाइड टाइल आहे त्यांनी एवढं टेन्शन घेऊ नये, ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, लिंबू-ताक चालतंय, तिथं फक्त सिमेंटचे सांधे जपायचे. जुनी मोझॅकची घरं मात्र मार्बलसारखीच, त्यातले तुकडे मार्बलचे आणि मधलं सिमेंट, दोन्हीला ॲसिड खातंय. हे मी अनुभवानं सांगतोय. लग्न झाल्यावर मिरजेत आम्ही भाड्यानं राहायचो, मोझॅकची फरशी, पोरगं वर्षाचं, धंद्यात नवा होतो आणि स्वतःला लई हुशार समजायचो. घर सोडताना मालकाला खूश करायचं म्हणून कामावरचं ॲसिड आणून सगळी खोली धुतली. एक दिवस चकाचक दिसली. दुसऱ्या दिवशी सगळी खरखरीत, पाय ठेवला की मळ धरायची. डिपॉझिट तर अडकलंच, वर मशीन आणून तीन दिवस स्वतः फुकट पॉलिश केलं, आणि पोरानं सांडलेलं म्हणाल तर त्या खोलीत एक डाग नव्हता.

मालकाचं आता. तुमचा करार नोंदवलेला आहे का ते बघा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदवायला लागत नाही असं सगळे म्हणतात, ते आपल्या राज्यात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतोय, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या ह्याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातंय, उलट सिद्ध होईपर्यंत. हे भांडायला नाही सांगत, तुमचे मालक वरच राहतात, चहापाणी चालू असणार, पण बोलताना आपली बाजू माहीत असावी. करारात नेहमीची झीज आणि नुकसान वेगळं लिहिलंय का तेही बघा. चालण्यानं पॉलिश मंद होणं ही झीज. ॲसिडचा पट्टा हे नुकसान, तो तुमच्या अंगावर आहे, ते मान्य करूनच बोला.

आणि लपवू नका. मी बघितलंय, लोक त्याच्यावर सोफा सरकवतात आणि घर सोडायच्या दिवशी मालकाला एकदम दिसतंय, मग माणसाचं डोकं फिरतंय आणि सगळ्या हॉलचं पॉलिश वसूल करायला बघतात. तुम्ही आजच फोटो काढा, पूर्ण हॉलचे, आधीपासूनचे तडे, डाग असतील त्यांचेही, आणि मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून सांगा की काका, एवढा एक पट्टा आमच्याकडनं झालाय, घर सोडताना तेवढ्या जागेचं पॉलिश आम्ही करून देतो. नव्या भाडेकरूच्या आधी ते तसंही हॉलला मशीन फिरवून घेणार असतील तर त्यात तुमचा तेवढाच वाटा, पूर्ण नाही. पॉलिशचा रेट स्क्वेअर फुटावर असतोय, जागा मोजून ठेवा, तुमची तीन-चार स्क्वेअर फुटाच्या वर जाणार नाही. काही पॉलिशवाले एवढ्या लहान कामाला येत नाहीत, म्हणून शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काम चालू असेल तेव्हा धरा, जाताजाता करून देतात. हळदीच्या डागाचं मालकांना आत्ताच काही सांगायची गरज नाही, आधी आठ-दहा दिवस ऊन द्या त्याला.